चुकायचा सराव

पहिल्या दिवशी

कोकिळाताईंनी डबा कानाजवळ धरून हलवला तशा अंगणातल्या अकरा मुली एकदम ओरडल्या. चिवडा. शेव. फुटाणे. गोड की तिखट? गोड. मग चिक्की, मग बत्तासे, मग खडीसाखर. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत रोज एकेका घरी तिची गाणी होतात, आणि गाणी संपली की हे असतंच. जिच्या घरी गाणी झाली तिच्या आईनं खाऊ झाकून आणायचा, हलवून ऐकवायचा, आणि मुलींनी ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही. ओळखेल तिला पहिली मूठ.

बारावी मुलगी, तेजस्विनी, आईच्या मांडीत होती. सात वर्षांची पोर चारचौघींत आईच्या मांडीत बसत नाही. पण तेजूचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, कमरेत जोर नाही, म्हणून मनीषा तिच्यामागे भिंत होऊन बसली होती. तेजूचा डावा हात कायम मुठीत. उजवा चालतो. जीभही चालते, पण शब्दाला घशातून ओठावर यायला वेळ लागतो आणि तोवर लोकांचं बोलणं पुढं निघून गेलेलं असतं.

"शं," तेजू म्हणाली.

"थांबा ग पोरींनो," कोकिळाताई म्हणाल्या. "तेजू काही सांगून राहिली. सगळ्या चूप."

सगळ्या चूप.

"शं... कर... पाळे."

झाकण निघालं. शंकरपाळे होते.

मुलींनी वळून तेजूकडे पाहिलं. एरवी पाहतात तसं पायांकडे नाही, तोंडाकडे. एकीनं तर नाक मुरडलं. मनीषाला ते मुरडलेलं नाक इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ती लेकीला कडेवर घेऊन जवळजवळ पळतच आली.

तिला कसं कळतं

कसं म्हणजे? दिवसभर ऐकतच तर असते ती.

सकाळी सात वाजता सतरंजी. उजवा पाय सरळ, तीसपर्यंत मोजायचं. डावा पाय सरळ, तीसपर्यंत. मांड्या फाकवायच्या तेव्हा तेजू रडते आणि मनीषा मोजायचं थांबवत नाही. मग पायांत प्लास्टिकचे साचे, वर पट्टे, आणि देवराम सुतारानं करून दिलेल्या उभ्या फळीला छाती, कंबर, गुडघे बांधून अर्धा तास उभं राहणं. ही फळी स्वयंपाकघराच्या दारात आहे. तिथंच खुर्ची, तिथंच जेवण. जेवण म्हणजे पाऊण तास. घास मऊ, मान सरळ, घाई केली की ठसका.

ज्या पोरीला पळता येत नाही तिच्याकडे घरातले सगळे आवाज येऊन बसतात. चाळणीत रवा आहे की बेसन, तिला पाठमोरी असून कळतं. कुकरची तिसरी शिट्टी कधी होणार ते कळतं. चेतन, तिचा बाप, इच्छापूरच्या शाळेत शिकवतो; त्याची मोटरसायकल राजपुऱ्याच्या कोपऱ्यावर वळली की ही इकडं खुर्चीत हसायला लागते. मनीषानं हे सगळं रोज पाहिलं होतं. त्याला काही नाव असतं, ते बाहेर नेऊन दाखवता येतं, हे तिला डबा हलला तेव्हा कळलं.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी खारे दाणे. ओळखले.

तिसऱ्या दिवशी वेफर्स. ते तर सगळ्यांनीच ओळखले, पण बटाट्याचे नाहीत, केळ्याचे आहेत, हे एकट्या तेजूनं.

चौथ्या दिवशी डबा एका जिन्यावरच्या घरी होता. मनीषानं सतरा किलोची लेक बावीस पायऱ्या चढवून नेली, वर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, आणि छातीतली धडधड थांबायच्या आत तेजूनं रेवड्या सांगून टाकल्या.

पाचवा राहू द्या. पाचव्या दिवशीही ओळखलं.

सहाव्या दिवशी डबा वाजलाच नाही. मुली म्हणाल्या, काकी फसवून राहिल्या, रिकामा आहे. तेजूनं मान तिरकी केली. तूप घालून घोटून घोटून हलका केलेला, बोटावर घेतला तर विरून जाणारा पदार्थ डब्यात कसा वाजेल? "द," ती म्हणाली. सगळ्यांना चूप बसवण्यात आलं. "द... राबा."

दराबाच होता. ह्या वेळी कुणी नाक मुरडलं नाही. कुणी काहीच केलं नाही. मुलींनी आपापल्या पोटापुरता खाल्ला आणि टिपऱ्या उचलून गेल्या.

कोमल येते

कोमल म्हणजे कोकिळाताईंची अकरा वर्षांची मुलगी, गल्लीतल्या पोरींची म्होरकी. दुपारी दारात आली, चप्पल काढली नाही.

"काकी, एक बोलू? राग नाही ना येणार?"

"बोल ना."

"तेजू असते ना, तर गेमच होत नाही."

मनीषा भाकरीचं पीठ मळत होती. ती मळत राहिली.

"म्हणजे तिनं तोंड उघडलं की माझी मम्मी काय, सगळ्याच काकी आम्हाला चूप करतात. मग आमच्या तोंडात आलेलं पण आम्ही नाही बोलायचं. आणि मग ती बरोबरच सांगते. रोजच. बाकीच्यांना चान्सच नाही भेटत."

"हं."

"मी नाही म्हणत, काकी. त्या म्हणतात. म्हणतात, तेजूला नको बोलवू."

"आणि तू काय म्हणाली?"

कोमलनं दाराची कडी खाली-वर केली. "मी म्हटलं, विचारते."

वाईट पोर नव्हे. पहिल्या दिवशी हीच आली होती, काकी, तेजूला पण आणा ना, म्हणत. मनीषानं पिठाच्या हातानं तिला एक केळं दिलं. ते घेऊन ती गेली.

मंगळवार

पाच वाजता फ्रॉक. सव्वापाचला दोन वेण्या. साडेपाचला पावडर.

सहा.

साडेसहा.

टिपऱ्या वाजायला लागल्या. जवळच कुठंतरी.

"महाज... नांकडे," तेजू म्हणाली. "वर. गच्ची... वर."

"हो ना," मनीषा म्हणाली. "गच्चीवर आहे ना, म्हणून नसेल बोलावलं. तुला वर कसं नेणार, असं वाटलं असेल त्यांना."

तेजूनं आईकडे पाहिलं.

"तू... नेते," ती म्हणाली.

 मनीषानं वेण्या सोडल्या. वेण्या सोडताना पोरीचं डोकं हाताखाली गरम लागलं, आणि गच्चीवरून गाण्यांमागून गाणी येत राहिली. गाणी संपल्यावर थोडा वेळ शांत झालं. मग आरडाओरडा. पुष्कळ वेळ चालला. नावं घेत होत्या, चुकत होत्या, हसत होत्या, परत नावं घेत होत्या.

खरंच, खेळ रंगला होता.

बुधवारी दुपारी, फळीवर

तीन पट्टे बांधून तेजू उभी. समोर पाटावर मनीषा, हातात स्टीलचा डबा, डब्यात शेंगदाणे.

"हे बघ. आज हलवला की तू वेगळंच काही सांगायचं."

"का?"

"गंमत."

डबा हलला. "शें," तेजू म्हणाली.

"शेंगदाणे नाही म्हणायचं."

"शेंग... दाणेच आहे."

"आहेत, बाळा. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्यांना नाही सांगायचं."

डबा हलला. "शें."

"नाही. लाडू म्हण."

तेजू हसायला लागली. लाडू असा वाजतो होय? तिला इतकं हसू आलं की छातीचा पट्टा ताणला आणि लाळ गळ्यापर्यंत आली. मनीषानं पदरानं पुसली. तीही हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "तू रोज ओळखते ना, तर त्या आपल्याला बोलावत नाहीत. कधी कधी चुकलं की बोलावतील."

तेजूचं हसू हळूहळू उतरलं. तिचं सगळंच हळू उतरतं.

"मग... बोलाव... तील?"

"पक्का."

डबा हलला. तेजूनं ओठ घट्ट मिटले. आतून 'शें' येत होता तो तिनं गिळला, मान आक्रसली, डावी मूठ आणखी आवळली. "ला," ती म्हणाली. "ला... डू."

"शाबास. परत."

दहा वेळा. मग डाळ घालून दहा वेळा, मग मुरमुरे. पाय सरळ करताना मनीषा जशी मोजते तशीच मोजत होती. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं होतं: ह्या मुलांना एखादी गोष्ट शंभर वेळा करून घ्या, मग अंग ती विसरत नाही.

संध्याकाळी ती, तेजूला परत बोलवावं म्हणून, कोमलच्या दारात जाऊन आली. काय बोलली ते तिनं चेतनलाही सांगितलं नाही.

उत्तरं

डब्यात फुटाणे. तेजू म्हणाली: लाडू.

डब्यात चकली. तेजू म्हणाली: साखर.

डब्यात नुसती खडीसाखर, ती कुणालाही कळली असती. तेजू म्हणाली: चिवडा. मुली हसल्या. तेजूही हसली. कोमलनं आपल्या मुठीतली अर्धी खडीसाखर तिच्या उजव्या हातावर ठेवली.

डब्यात शंकरपाळे, परत. तेजू म्हणाली: माहीत नाही.

हे 'माहीत नाही' मनीषानं शिकवलं नव्हतं.

चेतन विचारतो

"तेजूला बरं नाही का?"

"का हो?"

"कोकिळाताई भेटल्या चौकात. म्हणे आधी झटकन सांगायची, आता काहीच येत नाही तिला. दाखवून आणा म्हणे कुठं, कानात काही झालं असेल."

मनीषा साच्यांचे पट्टे धुवत होती. पाणी काळं निघत होतं.

"कान चांगले आहेत."

"मग?"

तिनं मंगळवारपासूनचं सांगितलं, फळीवरच्या सरावासकट. चेतन खाटेवर बसून ऐकत होता. वर्गात पोरगं खोटं बोललं की तो रागावत नाही, नुसता चष्मा काढतो. त्यानं चष्मा काढला.

"मग काय करायचं होतं?" मनीषा म्हणाली. "तुम्ही सकाळी जाता, संध्याकाळी येता. पावडर लावून ती दारात बसली होती, ते तुम्ही नाही पाहिलं."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणा ना. म्हणा."

"बोलावतात ना आता?"

"रोज."

"मग झालं," चेतन म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला. तो आधीच स्वच्छ होता.

पौर्णिमा

शेवटचा दिवस मनीषानं आपल्या घरी मागून घेतला होता.

सकाळपासून राजगिऱ्याच्या लाह्या. गुळाचा पाक. लाडू वळताना तिनं तेजूच्या उजव्या हाताला तूप लावलं आणि एकेक गोळा तळव्यावर ठेवला. तेजूचे पाच लाडू झाले. लाडू कसले, चेपलेल्या मुठी. पण पाच झाले. ते मनीषानं मुद्दाम डब्यात वर ठेवले.

"आज खरं सांगायचं हं," ती म्हणाली. "आज आपलं घर आहे. आपण केलेत ना लाडू? मग आज पहिलं तूच सांगायचं. राज-गिरा."

"राज... गिरा," तेजू म्हणाली.

"हां. अस्सं."

मुली आल्या. चेतननं अंगणात सतरंज्या घातल्या, दूध आटायला ठेवलं. गुलाबाईसमोर गाणी झाली, एक गाणं दोनदा झालं कारण कुणालाच संपवायचं नव्हतं. मग मनीषानं डबा आणला.  तिनं तो हलवला, जरा जोरातच हलवला.

"शेव."

"बत्तासे."

"गोड की तिखट, काकी?"

"गोड."

"मुरमुऱ्याचे लाडू."

"जवळ आलात," मनीषा म्हणाली आणि तेजूकडे पाहिलं. तेजू चेतनच्या मांडीत होती. "तेजू, तू सांग बेटा."

मुली आपोआप चूप झाल्या. ही सवय त्यांना लागलीच होती.

तेजूनं आईकडे पाहिलं. मग मुलींकडे, एकेकीकडे, सावकाश. ओठ मिटले. मान आक्रसली. काहीतरी तिनं गिळलं, ते मनीषाला समोरून दिसलं.

"माहीत... नाही."

"तेजू. सकाळी काय केलं आपण?"

"माहीत नाही."

"असं काय करते? तुझ्या हातानं..." मनीषाचा आवाज चढला. चेतननं हळूच मान हलवली, नको म्हणून.

"काकी, राहू द्या ना," कोमल म्हणाली. मोठ्या बायका बोलतात तसं, खालच्या आवाजात. "तिला टेन्शन येतं. तिला नाही येत, तर काय झालं?" ती उठली, तेजूजवळ जाऊन बसली, तिच्या गळ्यात हात टाकला आणि आपण ओळखलेलं नाव कानाशी लागून कुजबुजली. मग म्हणाली, "सांग. सांग आता."

"राज," तेजू म्हणाली. "गिरा."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. भरपूर वाजवल्या. एक जण म्हणाली, किती हुशार ग तेजू. दुसरीनं तिचा गाल ओढला. आता कुणाला जळायचं काही कारण नव्हतं.

मनीषा म्हणणार होती, तेजूला माहीत होतं. तुमच्या सगळ्यांच्या आधी, डबा हलायच्या आधी, तिला माहीत होतं.  पण पुढचं वाक्य सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागलं असतं, तेजूसमोर, अकरा पोरींसमोर. तिनं झाकण काढलं आणि पहिली मूठ लेकीच्या हातावर ठेवली.

दूध पिऊन झाल्यावर मुली गुलाबाईला विसर्जनासाठी घेऊन ताप्तीकडे निघाल्या. राजघाटाच्या पायऱ्या उतरणीच्या, अंधाराच्या. तेजूला न्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं. जाताना एकेकीनं तिला टाटा केला. टिपऱ्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, वळला, विरला. तेजू तो बराच लांबपर्यंत ऐकत राहिली असावी, कारण सतरंज्या घड्या घालून झाल्या तरी तिची मान तिरकीच होती.

मनीषा तिच्यासमोर खाली बसली. साचे सोडले. पोटऱ्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते, ते चोळायला लागली.

"का नाही सांगितलं, बाळा? मी म्हटलं होतं ना, आज सांग म्हणून."

तेजूला उत्तर जुळवायला वेळ लागला. मनीषा चोळत राहिली. चेतन दाराशी सतरंज्या काखेत धरून थांबला.

"उद्या," तेजू म्हणाली, "बोला... वतील... ना?"

गुलाबाई आजच गेली होती. आता अकरा महिने गाणी नव्हती, टिपऱ्या नव्हत्या, उद्या त्या अकरा जणी शाळेतून येऊन सायकली काढणार होत्या आणि गल्लीत फेऱ्या मारणार होत्या. पोरगी मोठ्या अपेक्षेनं बघत होती. सगळं तिनं नीट केलं होतं, एकदाही न चुकता.

"बोलावतील," मनीषा म्हणाली, आणि दुसरा पाय हातात घेतला.