सुलभामावशीचा कावळा

उत्तराकाकूंचा कावळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. कावळाच कशाला, पंचांग, पत्रिका, आडवं गेलेलं मांजर, कशावरच नव्हता. उभा जन्म न्यू जर्सीत पोरांचे घसे आणि कान तपासण्यात गेलेला. रिटायर झाल्यावर घरात बसून त्या नवऱ्याच्या, म्हणजे चारुदत्तकाकांच्या, भांडी लावण्यात चुका काढायला लागल्या, तेव्हा लेकीनं शिताफीनं त्यांना जवळच्या कॉलेजात चिकटवून दिलं. पार्टटाइम, हिंदू ॲडव्हायझर. हे ऐकून चारुदत्तकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. सत्यनारायणाच्या पूजेला शिऱ्याच्या वेळेवर पोचणारी ही बाई पोरांना कसला धर्म सांगणार, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी पाठीत एक धपाटा घातला, तोही जरा जोरात, आणि नोकरी धरली.

स्पिरिच्युअल लाइफ ऑफिस म्हणजे कॉलेजच्या जुन्या चॅपलच्या मागच्या तीन खोल्या, एक फ्रिज आणि चार माणसं. प्रमुख मार्गारेट, मेथडिस्ट चर्चची पाद्रीणबाई, उंचीनं आणि मनानं दांडगी. रबाय नेथन, सदा गारठलेला. इमाम इद्रिस, वयानं सगळ्यांत लहान, पण बोलणं एखाद्या सासऱ्यासारखं पोक्त. देव एक की अनेक, यावर या चौघांचा कधी वाद झाला नाही. वाद व्हायचा तो हीटर किती ठेवायचा यावर, आणि तो रोज व्हायचा.

ऑफिसचे नियम दोनच. पहिला असा की, विद्यार्थ्याला उत्तर द्यायचं नाही, सोबत द्यायची. हा नियम काकूंच्या घशाखाली उतरत नसे, कारण औषध न लिहिता पेशंटला परत पाठवायची सवयच नव्हती. दुसरा नियम मार्गारेटचा लाडका. कोणाच्याही धर्माचं काही असलं की बाकीच्या सगळ्यांनी तिथे जाऊन उभं राहायचं. इद्रिसच्या इफ्तारला नेथन खुर्च्या मांडायचा, नेथनच्या सणाला काकू मेणबत्त्या आणायच्या. ऑफिसची ही पद्धत फार गोड होती. तिनंच पुढे घोटाळा केला.

मार्चमधल्या एका सकाळी आश्लेषा आली. तीन वर्षं इथे केमिस्ट्रीत पीएचडी करणारी, मूळची सांगलीची. गालफडं बसलेली, अंगातलं जॅकेट दुसऱ्या कुणाचं वाटावं इतकं सैल. तिची सुलभामावशी गेली होती. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा वाढवलं मावशीनंच. मावशीची सांगलीत मेस होती. कॉलेजची निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन पास झाली, असं लोक म्हणत. व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी होतं, गेली असती तर तिकडेच अडकली असती, म्हणून आश्लेषाला अंत्यविधीला जाता आलं नाही. दहावा तिनं लॅबच्या जिन्यात बसून फोनवर बघितला.

आणि तिथेच नेमका कावळा शिवेना. नदीकाठी दुपार झाली. मामांनी आधी सांगितलं, आश्लेषाचं लग्न करून देऊ. कावळा ढिम्म. मग म्हणाले, तिला कायमचं परत आणू. कावळ्यानं पाठ फिरवली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून काम उरकलं, आणि मामांनी फोनमध्ये तोंड घालून आश्लेषाला सुनावलं की, बाई, तुझ्यातच जीव अडकलाय तिचा.

हे सांगताना ती रडली नाही. नुसतं विचारलं, "काकू, इथले कावळे चालतील का?"

खरं तर काकूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कावळा हा पक्षी आहे, त्याला भूक नव्हती, मामा मूर्ख आहेत. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. डॉक्टरकीत एक शिकल्या होत्या, दुखतं कुठे ते आधी बघायचं, आपल्याला काय पटतं ते नंतर. न चालायला काय झालं, कावळ्याला कुठला व्हिसा लागतो, असं म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. मावशीला काय आवडायचं तेही विचारून घेतलं. अळूवडी, असं कळलं.

त्या संध्याकाळी काकूंनी ओक ट्री रोडवरची सगळी देशी दुकानं पालथी घातली आणि अळू मिळवलंच. दुसऱ्या दिवशी डबे भरून आणले: भात, वरण, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी, वड्या. चॅपलमागच्या पार्किंग लॉटच्या कडेला, वितळत आलेल्या बर्फाशेजारी, द्रोणात घास ठेवला. समोरच्या ओकच्या झाडावर कावळे होते की! सांगलीच्या दीडपट, काळेभोर, खात्यापित्या घरचे. आश्लेषा हात जोडून उभी राहिली.

एवढ्यात ऑफिसचं दार उघडलं आणि दुसरा नियम बाहेर आला. मार्गारेट काळा झगा घालून, नेथन दोन स्वेटर चढवून, इद्रिस कडक इस्त्रीत. तिघंही गंभीर चेहऱ्यानं द्रोणाभोवती अर्धगोल करून उभे राहिले. आता सांगा, एवढी माणसं डोळे वटारून पानाकडे बघत असल्यावर कुठला कावळा खाली उतरेल? आपण तरी उतरलो असतो का? कावळे एका फांदीवरून दुसऱ्या, आणखी वरच्या फांदीवर गेले.

थोड्या वेळानं नेथननं हळूच विचारलं, की आपण काही बोलायचं असतं का. आश्लेषानं सांगितलं, गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. झालं! तिघांनाही चेव आला. मार्गारेटनं आश्लेषाच्या पीएचडीची हमी घेतली. इद्रिसनं आदबीनं झाडाला सांगितलं, की मुलगी परकी नाही, आम्ही आहोत. नेथन म्हणाला, हीटर मी वाढवणार नाही. त्याचा मावशीशी काय संबंध, हे कुणालाच कळलं नाही, पण माणूस मनापासून बोलला.

कावळा आला नाही. खार आली. द्रोणातली वडी उचलून झाडावर गेलीसुद्धा. मग बदकं आली, ती मोठाली, गालावर पांढरा पट्टा असलेली, आणि भातावर तुटून पडली. मार्गारेट झगा सावरत त्यांच्या मागे धावली. इद्रिसनं नम्रपणे विचारलं, की खार धर्माला मान्य आहे का. आश्लेषाला हसू आलं आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला.

आता मात्र काकूंचं डोकं सणकलं. त्यांनी तिघांना शेळ्या हाकाव्यात तसं आत हाकललं, दार लावलं आणि द्रोण नव्यानं वाढला. तिघं खिडकीच्या काचेला नाकं लावून उभे राहिले. राहू देत बापडे.

काकू चॅपलच्या पायरीवर टेकल्या आणि आश्लेषाला शेजारी बसवलं. मावशी फोनवर काय बोलायची, असं त्यांनी विचारलं. लग्नाचं? परत येण्याचं? आश्लेषानं मान हलवली. तसलं काही नाही. रोज एकच विचारायची, जेवलीस का. आणि काय जेवलीस.

"मग तू काय सांगायचीस?"

"जेवले म्हणायचे. वरण, भात, भाजी. सगळं खोटं, काकू. लॅबमधून येऊन दुधात सिरियल घालून खायचे, नाहीतर तशीच झोपायचे. तिला कळायचं. म्हणायची, ताटाचा फोटो पाठव. एकदाही पाठवला नाही मी."

आणि आता? काकूंनी मनगट हातात घेतलं. नाडी बघायची सवय, दुसरं काय. हाडं लागली हाताला. मावशी गेल्यापासून या पोरीनं धड अन्न घेतलेलं नाही, हे सांगायला कावळा कशाला हवा होता! काकूंना मामांचा असा संताप आला की सांगली जवळ असती तर गाडी काढून गेल्या असत्या.

आश्लेषा उठली, द्रोणापाशी गेली, हात जोडून म्हणाली, मावशी, मी रोज नीट जेवीन. झाडावर हालचाल नाही. ती तशीच उभी राहिली, खांदे पाडून.

"ये इकडे," काकू म्हणाल्या. "शब्द कसले देतेस? तीन वर्षं तिला शब्दच दिलेस तू. मेस चालवणारी बाई ती, रिकामं ताट बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही. बस आणि जेव."

पहिला नियम मोडला होता, चक्क उत्तर देऊन झालं होतं. मोडू दे. काकूंनी डब्याच्या झाकणात भात वाढला, वर वरण, तूप, लिंबू पिळलं, दोन वड्या ठेवल्या. आश्लेषानं पहिला घास कसाबसा घेतला. दुसरा जरा बरा. तिसऱ्यापासून तिनं मान खाली घातली ती घातलीच. बोटं चाटून, भात कालवून, वरण कोपरापर्यंत ओघळतंय याचं भान नसलेली ती पोर जेवत सुटली. किती दिवसांची भूक होती ती!

कावळा तेव्हा आला. एकटाच. द्रोणाच्या कडेला बसला, मान वाकडी करून आधी पायरीकडे बघितलं, मग चोच घातली, वडी उचलली आणि गेला. खिडकीत तिघांनी एकमेकांना घट्ट धरलं. नेथन उड्या मारत होता. मार्गारेट काचेवर हात आपटणार, तोच काकूंनी डोळे वटारून तिला गप्प केलं. पोर जेवत होती.

झाकण लख्ख झालं तेव्हा आश्लेषानं वर बघितलं. द्रोणात वडी नव्हती. तिनं काकूंकडे पाहिलं.

"आला होता," काकू म्हणाल्या. "वडी घेऊन गेला. तू जेवत होतीस, म्हणून हाक मारली नाही."

मग ती रडली. इतके दिवस साठलेलं सगळं काकूंच्या कोटावर, वरणाच्या हातांसकट. खिडकीतले तिघंही डोळे पुसत होते. काकूंनी तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, कावळ्यावर विश्वास बसला की नाही याचा विचार त्यांनी केला नाही.

बऱ्याच वेळानं आश्लेषानं बाहीनं नाक पुसलं, खिशातून फोन काढला, आणि रिकामं झाकण काकूंपुढे धरलं.

"काकू, अजून थोडा भात वाढा. फोटो काढायचा राहिला."