पाचव्या गिअरचं तेल

सासरे गेल्यापासून गिअरबॉक्समध्ये तेल भरायचं म्हटलं की सुनेला त्यांचा आवाज आठवायचा. गॅरेज सासऱ्यांचं, रीतही त्यांचीच. सून वरून, गिअरच्या दांड्याच्या भोकातून तेल ओतायची आणि सासरे खाली सतरंजीवर आडवे. बाजूच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत "अजून... अजून..." म्हणायचे. ओघळलं की "बास!" त्यांची सतरंजी ती अजूनही गाडीखाली अंथरायची. नवऱ्याने मात्र बाजूला फरशीवर झोपायचं, असा तिचा हट्ट.

आज नवऱ्याला भलतीच घाई. घरच्या गाडीच्या चार गिअरच्या जुन्या पेटीला मागून जोड देऊन त्याने पाचवा गिअर बसवला होता, आणि दुपारीच लेकीला घेऊन डोंगर उतरायचा होता.

"बास!" तो खालून ओरडला. बूच आवळलं. चाकं जॅकवर उचलून गाडी थोडा वेळ पाचव्यात पळवलीसुद्धा. "लोण्यासारखी चालतेय!" म्हणत इंजिन बंद केलं आणि नळावर हात धुवायला गेला.

ती कॅनला झाकण लावत होती. गाडीखालून आवाज आला, "अजून."

नवरा तर समोर साबण चोळत होता! वाकून पाहिलं. सतरंजीवर कुणी नव्हतं.

"अजून." कोरड्या घशाचा, ओळखीचा आवाज.

"अहो, पाचव्या गिअरचं मागचं झाकण उघडा."

"अगं, खूळ लागलंय का तुला?"

"उघडा म्हणते ना! माझी लेक बसणार आहे त्यात."

बडबडत त्याने तेल काढलं, झाकण उघडलं. पाचवा गिअर कोरडा ठणठणीत, तापून निळा पडलेला. उतारावर जाम झाला असता तर गाडी सरळ दरीत! पुढचं तेल मागे नेणारी पत्र्याची बोटभर पन्हळ सुटे भाग धुवायच्या रॉकेलच्या ताटात तशीच पडली होती.

"म्हटलं, ही एवढीशी पट्टी कशाला..." त्याने पन्हळ उचलून फडक्याने पुसली.

गिअर बदलला, पन्हळ बसली, झाकण लागलं. ती पुन्हा तेल ओतू लागली. खालून "अजून... अजून..." येत राहिलं. चला, स्वारीला अक्कल आली म्हणायची, तिला बरं वाटलं.

"बास."

"लावा आता बूच."

"अगं, बूच माझ्याकडे आहे. धुवायला नेलं होतं." नवरा दारातून आत येत होता.

खाली वाकायचं तिला धाडस झालं नाही. कॅन छातीशी धरून ती उभी राहिली. आवाज आता कोरडा नव्हता.

"सूनबाई, आता जाऊ दे."

कुणाला, हे तिने विचारलं नाही. रडतरडतच "बरं" म्हणाली आणि नवऱ्याला सतरंजी गुंडाळायला सांगितली.