अकरावा खळगा

मी एक जुनी लाकडी फळी आहे, मित्रांनो. वहीएवढी लांबरुंद. माझ्या अंगावर बारा खळगे आहेत, सहा-सहाच्या दोन ओळी. दिसायला मी काही खास नाही. पण माझ्यामुळे एका मुलीला नोकरी मिळाली आणि माझ्याच निमित्ताने ती नोकरी गेली, म्हणून माझी गोष्ट सांगते.

आधी मी कपाटाचा कप्पा होते. कपाट मोडलं तेव्हा घरातल्या आईने मला बाजूला काढून ठेवलं. तिची मुलगी ठकू तेव्हा चोवीस वर्षांची होती. ठकूला वाचता येत नसे. आकडे तिच्या डोक्यात थांबत नसत. सात ठिकाणांहून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आठवं ठिकाण म्हणजे बिजागऱ्यांचा कारखाना. तिथले म्हातारे मालक म्हणाले, "एका पाकिटात बारा स्क्रू भरायचे. तेवढं जमलं की या."

आईने ड्रिल मागितलं.

"आण, मी भोकं पाडून देतो," बाबा म्हणाले.

"राहू दे. तुम्ही सरळ पाडाल, पण पुढच्या वर्षी."

आईने स्वतःच खळगे पाडले. अकराव्याला तिचा हात घसरला आणि तो फार खोल गेला. त्यात टाकलेला स्क्रू दिसेनासाच व्हायचा. आईने ठकूचं बोट धरून त्यात घातलं. "इथे माझी चूक झालीय. इथे डोळ्यांनी बघू नकोस, बोटाने बघ."

ठकूने सहा वर्षं तसंच केलं. प्रत्येक खळग्यात एक स्क्रू, अकराव्यात बोट, मग मला पाकिटावर पालथं करायचं. तिच्या पाकिटात कधी एक कमी नाही की एक जास्त नाही. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "ठकू, जरा हळू भर गं. आमची लाज काढतेस." ठकू म्हणायची, "तुम्हीपण आणा ना फळी." शनिवारी ती मला घरी न्यायची. आई माझ्यावर तेलाचं बोट फिरवायची.

मग आई आजारी पडली आणि गेली. आठवड्याने ठकू कामावर आली. तेलाचं बोट त्यानंतर माझ्यावर फिरलं नाही, पण तिचं बोट अकराव्या खळग्यात रोज जायचं. तिथे ती थोडी जास्त वेळ थांबायची.

पुढे म्हातारे मालक घरी बसले आणि त्यांचे जावई कारभार बघू लागले. त्यांनी एकेकाची परीक्षा घेतली. ठकूपुढे स्क्रूंचा ढीग ठेवून म्हणाले, "बारा मोजून हातात दे."

"नऊ, दहा, बारा," ठकू म्हणाली. मग म्हणाली, "फळी द्या ना, दादा."

"फळीवर कोणीही करेल. मग तुझी गरज काय?"

सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला मात्र टेबलावरच ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात सुतार आला आणि माझ्यासारख्या नऊ फळ्या करून गेला. माणूस मन लावून काम करणारा होता. त्याने प्रत्येकीचा अकरावा खळगा माझ्यासारखाच खोल केला. काम दुपटीने वाढलं. जावई पाहुण्यांना मला उचलून दाखवायचे. "ही आमची नवी पद्धत." माझं एवढं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. मला ते टोचायचं.

महिन्याने बाबा आले. "रोज सकाळी एप्रन घालून दारात बसते. काय सांगू तिला? तिची आईही नाही आता."

"काका, आमचा नाइलाज आहे. तिला मोजता येत नाही."

"मग फळी तरी द्या. तिच्या आईने केलेली आहे."

"कारखान्यातली वस्तू बाहेर जात नाही, काका."

बाबांनी माझ्या कडेवरून हात फिरवला आणि ते निघून गेले.

थोड्याच दिवसांत स्क्रू कमी पडू लागले. पाकिटं उघडली तर प्रत्येकात तेरा. अकरावा खळगा रिकामा वाटायचा, म्हणून सगळ्या जणी त्यात आणखी एक टाकायच्या. फळी आहे म्हटल्यावर मोजायचं कोणी? मावशी हळूच म्हणाल्या, "ठकू तिथे बोट घालून बघायची. तिला कळायचं. बोलवा की तिला."

मला वाटलं, आता बोलावतील.

"तिला कशाला? खळगे बुजवा," जावई म्हणाले.

दहाही फळ्यांचा अकरावा खळगा लांबीचा लगदा भरून इतरांएवढा उथळ केला.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही नको. मी लाकूड आहे, कुठेही पडून राहीन. पण तुमच्या वर्गात कोणी बोटांवर मोजत असेल, तर हसू नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला कामावर ठेवायचं ते ठरवाल. कोणाला कामासाठी फळी लागली तर द्या. आणि फळी ठेवून माणूस काढू नका.

ठकू कधी आली, तर ती आधी अकराव्या खळग्यात बोट घालेल. खळगा रिकामा असला तरी बोट लगेच अडेल. तिला वाटेल, स्क्रू जागेवर आहे, सगळं बरोबर आहे.