वैरी कमी पडले

सकाळी थोरली पाट्या घेऊन अंजिरांच्या वावरात पोचली, तर तिचा दीर आणि धाकटी जाऊ झाडाझाडांतून सुतळी ताणत फिरत होते. एक टोक त्याच्या हातात, दुसरं धाकटीच्या. थोरलीने पाट्या तिथेच टाकल्या.

"भाऊजी, माप कशाचं घेताय?"

"वीटभट्टीचं," दीर म्हणाला. "खाली चिकण माती आहे, वहिनी. विटेला हीच लागते. तिच्या उरावर ही झाडं कशाला पोसायची? फळ सकाळी पिकतं नि संध्याकाळी सडतं. व्यापारी ढुंकून बघत नाही."

"बघतो की. बघून भाव पाडतो," धाकटी हसत म्हणाली.

त्यात खोटं काही नव्हतं. व्यापारी मुद्दाम ऊन डोक्यावर आल्यावर यायचा. तोवर फळ मऊ पडलेलं असायचं आणि विकणारीही. पण ही झाडं थोरलीने माहेराहून फांद्या आणून लावली होती, घागरी वाहून जगवली होती. मूलबाळ झालं नाही म्हणून घरात जे जे ऐकून घ्यावं लागलं, ते तिने ह्याच झाडांखाली बसून गिळलं होतं. जमीन मात्र दोन्ही भावांची सामाईक, आणि तिचा नवरा धाकट्या भावापुढे तोंड उघडणारा नव्हता. आत्ताही तो बांधावर बसून चपलेतला खडा काढत होता. खडा निघाला तरी त्याने मान वर केली नाही.

"एवढा हंगाम थांबा," थोरली म्हणाली. "माझी मी विकते. नाही जमलं तर मी आडवी येणार नाही."

"कुणाला विकणार? पाखरांना?"

"शहराला."

दीर हसला, पण त्याने सुतळी गुंडाळली. वहिनी हरणार याची खात्री असल्यावर थांबायला त्याचं काय जात होतं?

शहर गाठायचं तर मोबाईलवाल्याला धरायला हवं होतं. हा बाहेरगावचा माणूस, बसथांब्याजवळ खिडकीएवढ्या गाळ्यात बसून फुटलेल्या काचा बदलायचा. पाटीभर अंजिरांवर सौदा ठरला आणि त्याने थोरलीचं दुकान फोनमध्ये मांडून दिलं. भाडं नाही, फळ्या नाहीत, दिवाबत्ती नाही. "काकू, ताजं फळ पाठवू नका, वाटेत चिखल होईल," त्याने बजावलं. मग तिने मुरंबा घातला, काही फळं पत्र्यावर वाळवली. हॉटेलवाल्याकडून रिकाम्या बरण्या आणून उकळल्या. खोकी औषधाच्या दुकानातली, आणि काचेला धक्का लागू नये म्हणून आत कोरडं गवत. फोटोसाठी खाटेवर ठेवणीतली पांढरी चादर अंथरली, तर मांजर येऊन मधोमध बसलं. अंजिराच्या चिकाने तिच्या बोटांची सालटी निघाली होती. फोटो काढताना तिने हात मागे घेतले.

आणि ऑर्डरी आल्या. थोड्याच, पण आल्या. टपालवाला खोकी सायकलला बांधताना म्हणायचा, "हे असलं लोक विकत घेतात? शहरात खायला काही उरलं नाही वाटतं." थोरलीला ऐकून बरं वाटायचं.

का बरं वाटायचं, ते बाहेरच्याला कळणार नाही. ह्या गावाची जीभच उलटी. इथे चांगल्याला चांगलं म्हणणं म्हणजे त्याला दृष्ट लावणं. बाळ गोंडस निपजलं तर सुईण म्हणणार, "कसलं माकड आणलंस." अमक्याने गाईचं कौतुक केलं नि दुसऱ्या दिवशी ती आटली, तमक्याने पिकाची वाहवा केली नि गारा पडल्या, असे दाखले घरटी मिळतील. आपला माणूस नावं ठेवतो आणि वैरी तोंडभर वाखाणतो, हे इथलं पोरगंही सांगेल.

मोबाईलवाल्याला मात्र याचा पत्ता नव्हता. तो म्हणाला, "काकू, शहरातल्या माणसाला चव घेऊन बघता येत नाही. दुसरे काय म्हणतात ते तो वाचतो. गावातल्यांना लिहायला सांगा. दोन शब्द लिहायचे आणि तारे द्यायचे, एकापासून पाचापर्यंत."

थोरली वाटी वाटी मुरंबा घेऊन घरोघर हिंडली. पण 'चांगलं लिहा' असं कुणाला म्हणाली नाही. स्वतःच्या तोंडाने असं कोण म्हणेल? "वाटेल ते लिहा," एवढंच म्हणाली. लोकांनी वाट्या चाटूनपुसून परत केल्या आणि अगदी मनापासून लिहिलं.

बाजारच्या दिवशी ती गाळ्यावर गेली तेव्हा मोबाईलवाल्याचं तोंड उतरलं होतं.

"काय लिहिलंय? वाचून दाखव," ती म्हणाली.

तो वाचू लागला. डेअरीवाला: "गोड आहे, बाकी काही नाही." एक तारा. सुईण: "दात असलेल्याने खाऊ नये." एक तारा. टपालवाला: "खोकं बरं होतं." एक तारा. शिंपीण म्हणजे थोरलीची जिवाभावाची मैत्रीण, तिने सगळ्यांत जास्त लिहिलं होतं: "ह्यापेक्षा आमच्या म्हशीची पेंड चवदार. ज्याला पैसा जड झालाय त्यानेच घ्यावं." एक तारा.

थोरलीचे डोळे भरून आले. "सगळ्यांनी लिहिलं," ती म्हणाली. "माझ्यावर गावाचा इतका जीव असेल, असं मला वाटलं नव्हतं."

मोबाईलवाला तिच्याकडे बघतच राहिला. "जीव? काकू, ह्यांनी गळा दाबलाय तुमचा. ही एकच बाई तुमची आहे बघा. पाच तारे. 'असा मुरंबा मी जन्मात खाल्ला नाही. झाडं तर अशी लगडलीत की बघत राहावं. त्या हातांची सर कुणाला नाही.' तुमच्या धाकट्या जाऊबाई."

थोरलीच्या अंगावर काटा आला. झाडांचं नाव घेऊन, हातांचं नाव घेऊन, साऱ्या जगासमोर. एका चुलीवर जेवून ही बाई आपलं इतकं वाईट चिंतत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"ते आधी पूस," ती म्हणाली.

"तेच पुसू?" त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने तिला नीट समजावलं. शहरातला माणूस तारे बघतो. तारे कमी पडले की ॲपवाली कंपनी दुकान मागे ढकलते, इतकं मागे की कुणाच्या नजरेला पडत नाही. "गावाने लिहिलं तेव्हापासून एकही ऑर्डर नाही, काकू. आता यायचीही नाही." थोरलीच्या ध्यानात यायला वेळ लागला. ध्यानात आलं तसा तिने पदर खोचला.

तिथून ती तडक शिंपिणीकडे गेली.

"चांगलं लिहू?" शिंपिणीने पायाशी खेळणाऱ्या नातवाला बाजूला सारून मशीन थांबवलं. "माझ्या हाताने? उद्या झाडांना कीड लागली तर मी तोंड कुठे लपवू?"

"नाही लिहिलंस तर झाडंच राहणार नाहीत गं."

"आधीच जावेने एवढी दृष्ट लावून ठेवलीय. त्यात मी भर घालू? हवं तर आणखी वाईट लिहिते. तेवढाच उतारा."

आणि खरोखरच तिने लिहिलं. सुइणीने, डेअरीवाल्याने, सगळ्यांनी हेच सांगितलं. कुणी तिचा हात हातात घेऊन रडलंसुद्धा. माया असलेली माणसं अशी, की गळ्यापर्यंत बुडालेल्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील.

मग थोरलीला एक वाट सुचली. आपली माणसं लिहीत नाहीत ना, मग वैऱ्यांना धरावं. पाटाच्या पाण्यावरून मेंढरवाल्याशी तिचं वाकडं होतं. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "माझं वाटोळं व्हावं असं वाटतं ना तुला? मग माझ्या मुरंब्याचं कौतुक लिही." मेंढरवाल्याने खुशीत पाच तारे दिले, वर 'झाडं अशीच बहरोत' असंही घातलं. गिरणीवाल्याला तिने एकदा पिठाच्या वजनावरून चारचौघांत बोल लावला होता. तो म्हणाला, "ते मी कधीच विसरलो, वहिनी. तुमचं चांगलं लिहायला माझा हात धजत नाही."

त्यानंतर तिला तिसरं नाव आठवेना. ओट्यावर बसून ती घर अन् घर आठवत राहिली. कुणाच्या आजारपणात उशाशी बसलेली, कुणाच्या बाळंतपणाला धावलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वैरी जमवायला निघाली तर वैरीच पुरेनात. जन्मभर चांगलं वागून आपण नेमकं काय कमावलं, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

हंगाम सरला तेव्हा फळीवर, खाटेखाली बरण्याच बरण्या होत्या. वावरात फळांचा सडा आणि त्यावर गांधीलमाश्यांचं मोहोळ. थोरलीने शब्द पाळला. दिराने तोडणारे आणले आणि गाव बघायला लोटलं. धाकटीने न विचारता सगळ्या बरण्या बाहेर काढल्या, तोडणाऱ्यांपुढे नि बघ्यांपुढे उघडून ठेवल्या. "आता कशाला राखायच्या," म्हणाली. झाडं पडत होती, पांढरा चीक करवतीवरून ओघळत होता, आणि लोक डोळे पुसत बोटं चाटत होते. थोरलीचा नवरा बांधावरून उठला, तो भावाच्या हाताखाली फांद्या ओढायला.

शेवटचं झाड आडवं झालं आणि गावाची जीभ सुटली. पडलेल्या झाडाला कसली दृष्ट?

"काय झाडं होती," डेअरीवाला म्हणाला.

"अमृत होतं, अमृत," सुईण म्हणाली. "असल्या हाताची बाई पुन्हा गावात यायची नाही."

"मला जरा जास्तच गोड वाटायचं," धाकटी म्हणाली. तिला आता वाखाणायची गरज उरली नव्हती.

हंगामभर घशात अडवून धरलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. बोलून भागेना म्हणून लोकांनी तिथेच, बांधावर बसून फोन काढले.

उन्हं उतरायच्या आत मोबाईलवाला धापा टाकत आला. "काकू, दुकान वर आलंय. पाच, पाच, सगळ्यांचे पाच तारे. ऑर्डरी थांबत नाहीत. किती बरण्या आहेत म्हणून लिहू?" मग त्याचं लक्ष वावराकडे गेलं, रिकाम्या बरण्यांकडे गेलं, आणि त्याने फोन खिशात टाकला.

थोरली एका बुंध्यावर बसली होती. शिंपीण येऊन तिला खेटून बसली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने आपला फोन थोरलीपुढे धरला.

"बघ, मागचं सगळं पुसून टाकलं. पाचच्या पाच दिलेत. अशी चव पुन्हा होणे नाही, असं लिहिलंय. मनातलं लिहिता आलं एकदाचं."

थोरलीने सगळं शांतपणे वाचलं. मग शिंपिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझा नातू किती गोंडस आहे गं. कसा भरलेला, कसा हसरा. बघत राहावं असा."

शिंपिणीचा चेहरा पांढराफटक पडला. ती फोन तिथेच टाकून घराच्या दिशेने पळत सुटली.

डेअरीवाला हळूच उठायच्या बेतात होता. थोरलीने त्याला हाक मारून बसवलं आणि त्याच्या गाईंबद्दल बोलायला सुरुवात केली.