बिनधुराचे घर

त्या घरात चार खांबांची एक मांडणी होती. प्रत्येक खांबाच्या बुडाशी राखेचे एकेक कडे होते, वाळवी वर चढू नये म्हणून. मांडणीवर पांढऱ्या कापडाच्या सात घड्यांत बांधलेले एक गाठोडे होते. कोपऱ्यात पांढऱ्या मातीची एक टोपली आणि दाराशी एक केरसुणी होती. खिडकी नव्हती. चूल नव्हती.

मित्रांनो, त्या गाठोड्यात मी होते.

मी लाकडाचे आसन आहे, पण माझे रूप बाईचे आहे. आम्हा सरोवराकाठच्या लुबा लोकांत राजाचे ओझे बाईच्याच अंगाला पेलते असे मानतात. म्हणून मला घडवणाऱ्या कारागिराने लाल लाकडाच्या एका ओंडक्यातून गुडघे टेकून बसलेली बाई काढली. तो गावाबाहेर एकटाच काम करी. लाकूड तासायच्या वाकसाचा घाव घातला की थांबून बघे, मग दुसरा घाव घाली. त्याने माझे डोळे अर्धे मिटलेले ठेवले. पोटावर उठावाच्या रेघा कोरल्या, आमच्या बायकांच्या अंगावर असतात तशा. माझे दोन्ही हात वर आहेत आणि बोटांची टोके डोक्यावरच्या गोल पाटाला टेकलेली आहेत. सगळे अंग एकाच ओंडक्याचे, जोड कुठेही नाही. पाटावर बसणाऱ्याचे वजन तीन वाटांनी खाली उतरते: माझ्या डोक्यातून, उजव्या हातातून आणि डाव्या हातातून.

राजा माझ्यावर आयुष्यात एकदाच बसतो, शपथ घेताना. मग मला गुंडाळतात आणि राजाच्या गावापासून दूर, दुसऱ्याच गावात नेऊन ठेवतात. ज्याच्या हाती आसन, त्याच्या हाती राज्य, ही भीती असते. शपथेच्या दिवसाखेरीज मला कुणी उघडे पाहायचे नाही. पाहणाऱ्याचे डोळे जातात म्हणे. कुणाचे गेले ते सांगता येणार नाही, कारण आजवर कुणी पाहिलेलेच नाही.

माझा पहिला रखवालदार उंबा. सरोवराच्या काठी त्याची झोपडी होती. तिच्यात चुलीच्या वर, छपरालगतच्या फळीवर मी असे. शेजारी मासळी धुरावर सुकत टांगलेली असे. उंबाची बायको चुलीवर कालवण करी, मुले खाली भांडत आणि धूर माझ्या कापडात मुरत जाई. कापड आधी तपकिरी झाले, मग काळे. मला ते आवडत नसे. मी राजाला पेलणारी, आणि माझ्या अंगाला मासळीचा वास.

उंबा गेल्यावर त्याचा मुलगा मुकालाय रखवालदार झाला. तेव्हा राजवाड्यातून मोंगा नावाचा अधिकारी पाहणीला आला. राजाच्या साऱ्या वस्तूंवर त्याची देखरेख असे. त्याने ते काळे गाठोडे बोटाने दाबले, बोट हुंगले आणि चारचौघांत विचारले, "मुकालाय, यावर राजाला बसवायचंय की बाजारात मांडायचंय?"

लोक हसले. मुकालायही हसला, पण त्याचे कान तापले होते. पांढरा रंग पूर्वजांचा, चंद्राचा, आणि त्याच्या घरात पूर्वजांचे आसन कोळशासारखे काळे झाले होते. त्याच महिन्यात त्याने माझ्यासाठी वेगळे घर बांधले. रात्रीच्या अंधारात जुने कापड काढून जाळले आणि नवे गुंडाळले. अमावास्येला तो कापडावर पांढरी माती चोळी. दोन वर्षांनी मोंगा पुन्हा आला आणि म्हणाला की एवढे शुभ्र गाठोडे साऱ्या राज्यात नाही. मुकालायची मान ताठ झाली. मलाही बरे वाटले.

त्यानंतरच्या कोरड्या हंगामात लाकूड पोखरणारा एक भुंगेरा आला. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला राख ओलांडावी लागली नाही, कारण तो उडत आला. कापडाच्या घडीतून तो आत शिरला, माझ्या डाव्या कोपराखालच्या बारीक चिरेत अंडी घातली आणि मेला.

मित्रांनो, मला दुखत नाही. मला ऐकू मात्र येते. काही दिवसांनी आत कुर्र असा आवाज झाला. मग शांतता. मग पुन्हा कुर्र, थोडे वरच्या बाजूला.

मुकालायची मुलगी नुंबी कुंभारीण होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती आणि माझे घर झाडण्याचे काम तिच्याकडे होते. गाठोड्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तिला मांडणीखाली बारीक पिवळसर पूड दिसली. झाडली, तर पुढल्या खेपेला पुन्हा होती. मग तिने मांडणीखाली एक काळे पसरट मडके ठेवले आणि अमावास्येला त्यातली पूड सरोवरातल्या एका शिंपल्यात भरून पाहिली. पाव शिंपला भरला. काही महिन्यांनी अर्धा भरू लागला.

तिने वडिलांना सांगितले. ते म्हणाले, पांढरी माती गळत असेल.

"मातीची नाही ही, बाबा. माती दातांत करकरते. ही मऊ लागते, आणि कडू."

"तू खाल्लीस?"

"जराशी."

"अगदी आईवर गेलीस. तीही दिसेल ते तोंडात घालायची."

एवढे बोलून मुकालाय उठून गेला. पण त्या दिवसापासून तो मला उचलताना डोळे मिटून घेई. हातांना वजन कळते. मी हलकी झाले होते आणि ते त्याला कळले होते.

पावसाळ्याच्या शेवटी राजा वारला. मोंगा निरोप घेऊन आला की येत्या पौर्णिमेला नवा राजा क्यूंगू शपथ घेईल. मुकालायने त्याला ताडाची ताडी दिली, भाजलेली मासळी दिली. खाता खाता मोंगा सांगत होता की क्यूंगू अंगाने दोन माणसांचा आहे, होडीत बसला की होडीवाला देवाचे नाव घेतो. सगळे हसले. मुकालायने हातातली ताडी खाली ठेवली.

त्याला काय आठवले ते मला माहीत होते, कारण उंबाच्या चुलीशी ती गोष्ट बऱ्याचदा निघे. पूर्वी एका राजाच्या शपथेला राजाच्या हातातला भाला मोडला होता. पूर्वजांनी राजाला नाकारले, की रखवालदाराने भाल्याची हेळसांड केली, एवढाच प्रश्न होता. आणि राजा तर समोर उभा होता, पूर्वजांचे नाव कोण घेणार? भाल्याचा रखवालदार त्या सकाळी घरून निघाला तो परतला नाही. त्याच्या झोपडीच्या जागी आता गवत आहे. शेळ्या ते खातात, माणसे मात्र त्याला वळसा घालून जातात.

मोंगा गेल्यावर नुंबी म्हणाली की गाठोडे उघडून पाहू या. मुकालाय नाही म्हणाला. ती म्हणाली, "पाहायचं नाही ना? ऐकायला तर बंदी नाही." मग तिने पहिल्यांदा मला हात लावला. भाजलेले मडके चिरलेले आहे का, हे कुंभारीण टिचकी मारून ओळखते. तशा तिने कापडावरूनच माझ्यावर टिचक्या मारल्या. डोक्यावर मारली, आवाज भरीव आला. उजव्या हातावर, भरीव. गुडघ्यावर, भरीव. डाव्या हातावर मारली तेव्हा मुकालायनेच मान खाली घातली.

"मोंगाला सांगू," नुंबी म्हणाली.

"काय सांगू? की तुम्ही शाबासकी दिलीत त्या घरात हिला कीड लागली?"

मुकालायने राखेच्या कड्याकडे पाहिले. मग त्याने कापडाच्या दोन पट्ट्या फाडल्या. एक स्वतःच्या डोळ्यांवर बांधली, दुसरी मुलीच्या. भरदुपारी, दार लावून, त्या दोघांनी आंधळेपणाने मला उघडले.

इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. नुंबीची बोटे मातीत मुरलेली होती, खरखरीत आणि सावध. ती माझ्या डाव्या हातावरून मनगटापासून खांद्यापर्यंत फिरली आणि प्रत्येक भोकापाशी थांबली. बारीक काट्याने तिने पूड उकरली. घरच्या चुलीवर गरम करून आणलेले मधमाश्यांचे मेण आणि डिंक थेंब थेंब आत सोडले. एकदा तिचा हात घसरून माझ्या पोटावर आला आणि तिथेच राहिला.

"बाबा, हिच्या पोटावर आईसारख्याच रेघा आहेत."

मुकालायने मेणाचे भांडे पुढे सरकवले. मग म्हणाला, "हात वर घे. मेण गार होईल."

भोके बुजली. आतली पोकळी बुजली नाही. तेवढे मेण आत जाईना. नुंबीने ते स्पष्ट सांगितले, आणि हेही सांगितले की कीड मारायला धूर लागेल. मला जुन्या कापडात गुंडाळून तिने आपल्या चुलीवर टांगले, मासळीच्या शेजारी. मला पुन्हा उंबाची झोपडी आठवली. कालवणाचा वास येई, नुंबी मडकी घोटून गुळगुळीत करताना गुणगुणे. आतले आवाज एकेक करून थांबले. खाली ठेवलेल्या मडक्यात पूड पडली नाही. निघायच्या आदल्या दिवशी मला नव्या पांढऱ्या कापडात बांधले.

शपथ झाली की नवा राजा रखवालदाराला काहीतरी मागायला सांगतो, अशी आमची रीत आहे. वाटेत मुकालाय मला डोक्यावर घेऊन चालताना तेच घोकत होता: धनी, आसनाच्या घरात चूल मांडू द्या.

"आणि कशाला असं विचारलं तर?" मागून नुंबीने विचारले.

"सांगेन, थंडी वाजते."

"आसनाला?"

"मला गं. म्हातारा झालो नाही का मी?"

"मग राजा म्हणेल, दुसरं लग्न कर," नुंबी म्हणाली, आणि दोघेही हसले. माझ्या डाव्या हातात ते हसू थरथरत उतरले.

पौर्णिमेच्या सकाळी बिबट्याच्या कातड्यावर मला मांडले आणि उघडले. सारे लोक टाळ्या वाजवत खाली वाकले. क्यूंगू आला. तो खरोखरच दोन माणसांचा होता. तो बसला, आणि वजन तीन वाटांनी खाली आले. डोक्याने आपला वाटा घेतला. उजव्या हाताने घेतला. डाव्या हाताला जे पेलवेना ते डोक्याकडे सरकले. शपथ लांबलचक होती. पूर्वजांची नावे घेताना क्यूंगू डावीकडे झुकला, तेव्हा माझ्या कोपरातून मनगटाकडे एक बारीक आवाज गेला. ढोल वाजत होते. कुणी पाहिले नाही, सगळे राजाच्या तोंडाकडे पाहत होते. बायकांच्या रांगेत नुंबी तेवढी माझ्या हाताकडे पाहत होती.

क्यूंगू उठला. मी मोडले नव्हते. चिरेच्या तोंडाशी मेण होते, म्हणून ती दिसत नव्हती.

मला पुन्हा गुंडाळायला मोंगाने कापड उचलले आणि नाकाशी नेले. "याला धुराचा वास येतोय, मुकालाय. बापाची सवय लागली वाटतं." जवळचे लोक हसले. तेवढ्यात राजा मुकालायकडे वळून म्हणाला, "आसन चांगलं जपलंस. काय हवं ते माग."

मुकालायने तोंड उघडले. नुंबीचे ओठ हलताना मला दिसले, ती तेच घोकलेले वाक्य मनात म्हणत होती. मुकालायने मोंगाच्या हातातल्या कापडाकडे पाहिले.

"पांढरं कापड द्या, धनी," तो म्हणाला.

राजा खूश झाला. त्याने आधीच्या दुप्पट कापड दिले आणि आज्ञा केली की यापुढे आसनाच्या घरात आणि त्या घराच्या आसपास कुणी विस्तव नेऊ नये. परतीच्या वाटेवर मुकालाय दोनदा काही बोलला. नुंबी पुढे चालत राहिली. चढावर तो थकला, तेव्हा तिने मला त्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरात जपून ठेवलेले काहीतरी असेल. त्याला झाकून ठेवले म्हणजे जपले असे समजू नका. अधूनमधून ते उघडा, हात लावा, टिचकी मारून ऐका. त्याला चुलीचा वास लागला, कापडाला डाग पडला, तर पडू द्या. आणि घरातले कुणी सांगत असेल की खाली काहीतरी सांडते आहे, तर त्याचे ऐका. मला धुरात असताना राग येई. आता मला तो धूर कुणी परत देईल का?

या कोरड्या हंगामात दुसरा भुंगेरा आला. मांडणीवर आता चौदा घड्यांचे गाठोडे आहे, दुधासारखे शुभ्र. मुकालाय दाराबाहेर बसून राहतो, आत येत नाही. नुंबी झाडते आणि अमावास्येला मडक्यातली पूड शिंपल्यात भरते. पहिल्या अमावास्येला पाव शिंपला भरला. दुसऱ्या अमावास्येला अर्धा. काल शिंपला काठोकाठ भरला आणि मडक्यात एक चिमूट पूड उरली.