दारातले चार आकडे

फाटकाची कडी वाजली. भर दुपारी त्या घरात एवढी सामसूम असायची की कडी वाजली की कुणीही दचकावं. पण अपूर्वा दचकली नाही. सकाळपासून ती त्या कडीवरच कान ठेवून होती. भांडी घासताना तिने नळसुद्धा बारीक सोडला होता.

बाहेर छगन उभा होता. पूर्वी तो कारखान्याच्या रस्त्याला टेम्पो चालवायचा. आता मोटारसायकलला दोन्हीकडून पिशव्या लटकावून श्रीरामपूरहून बेलापुरात आणि आसपासच्या गावांत पार्सलं वाटत हिंडायचा.

"ताई, ओटीपी बगा. उक्कलगावचं अजून समदं हाय."

"विचारते हं," म्हणत अपूर्वाने सिंगापूरला फोन लावला.

गंमत अशी की पार्सल बेलापूरला यायचं आणि ते सोडवायचे चार आकडे सिंगापूरला जायचे. तिचा नवरा वरद याने तिकडे नोकरीला जाण्याआधी खरेदीचं खातं स्वतःच्या नंबरावर उघडून दिलं होतं. म्हणाला, काय हवं ते मागवत जा, अप्पांना बाजारात पळवू नकोस. सुरुवातीला मोठ्या वस्तू आल्या. मिक्सर आला, सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, गुडघ्याचा पट्टा आला, मनवाची तीनचाकी आली. प्रत्येक वेळी छगन दारात थांबायचा, अपूर्वा फोन लावायची, आणि तिकडून वरद आकडे सांगायचा. मनवा फोनच्या स्पीकरला कान लावून बाबाच्या मागोमाग ते मोठ्याने म्हणायची, छगन ते आपल्या मोबाईलवर दाबायचा, आणि मग खोकं हातात यायचं.

रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. पण त्या बोलण्याला सगळं घर हजर असे. अप्पा रक्तदाब सांगत, मनवा पडलेला दात दाखवी, अपूर्वा मागे उभी राहून हसे. "सगळं ठीक?" "ठीक." संपलं. दुपारचा फोन मात्र तिचा एकटीचा. वरद कामातून उठून बाहेर व्हरांड्यात यायचा, दबक्या आवाजात आकडे सांगायचा, आणि छगन दाबादाबी करेपर्यंत स्पीकर बंद करून जे दोन शब्द व्हायचे ते खरे. काय मागवलंस, काय केलं होतंस जेवायला, आवाज का बसलाय तुझा. एकदा मागे कुकर लावलेला होता, तर म्हणाला, "थांब, ठेवू नकोस. शिटी होऊ दे." शिटी झाली. मग त्याने ठेवला. त्या शिटीवर अपूर्वाने तो अख्खा आठवडा काढला.

त्यानंतर तिची खरेदी वाढली. कंगवा मागव, नखं कापायचं मागव, खुर्चीच्या पायांची रबरं मागव. चहाच्या गाळण्या तर इतक्या झाल्या की मनवाने त्या बाहुल्यांच्या टोप्या करून टाकल्या. बाजारपेठेत राधाकृष्णचं कटलरीचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याने एकदा अप्पांना रस्त्यात गाठून विचारलंच, "गुरुजी, आमच्या दुकानातल्या पिना सूनबाईंना टोचतात का हो?" अप्पांनी घरी येऊन ते सांगितलं, स्वतःच हसले, आणि चष्मा पुसत पुढे काही विचारलं नाही. सगळा जन्म वर्गात काढलेला माणूस. कोण कशासाठी हात वर करतो, ते त्यांना खुर्चीवरूनच कळत असणार.

बालवाडीच्या बाईंनी मात्र अपूर्वाला थांबवून घेतलं होतं. म्हणाल्या, बाकी मुलगी हुशार आहे, पण आकडे म्हण म्हटलं की एक-दोन-तीन म्हणतच नाही. सात-दोन-नऊ-चार म्हणते, परत विचारलं की भलतेच चार म्हणते, आणि म्हणून झालं की हात पुढे करून उभी राहते. अपूर्वाला हसू आलं. बाईंसमोर तिने ते दाबलं, पण घरी येताना पुलावर तिला तेच आठवून रडू आलं. प्रवरेला पाणी नव्हतं, नुसते दगड उघडे पडलेले. ती मनवाचं बोट धरून तशीच चालत राहिली.

वरदचं काम याच धंद्यातलं. तिथल्या एका मोठ्या कंपनीत पार्सल दारात किती वेळ अडकतं, हे बघायला त्याला ठेवला होता. तो उत्साहाने सांगायचा. त्या शहरात म्हणे आता भाजीपासून सोफ्यापर्यंत सगळं घरपोच. मोठमोठ्या दुकानांतून माणसं नुसती गारव्याला फिरतात आणि वस्तू घरी जाऊन मागवतात. इमारतीच्या तळाला लोखंडी कप्प्यांची भिंत असते. पार्सल टाकणारा टाकून जातो, ज्याचं त्याने यायचं, आकडे दाबायचे, कप्पा उघडायचा, घेऊन वर जायचं.

"म्हणजे कुणी कुणाला भेटतच नाही?" तिने विचारलं होतं.

"कशाला भेटायचं?" वरद म्हणाला होता. अगदी सरळपणाने. त्याला खरंच कळलं नव्हतं, ती काय विचारतेय ते.

दिवाळीला तो येणार होता. पण तिकडे वर्षअखेरच्या विक्रीची धामधूम सुरू झाली, रजा मिळाली नाही. त्याच्याऐवजी आकाशकंदील आला, अप्पांना स्वेटर आला, तिला साडी आली. चांगली होती साडी. रंगही तिच्या आवडीचा. घडी मोडून तिने ती अंगाला लावून बघितली आणि परत खोक्यात ठेवली.

आणि मग मागच्या रविवारी व्हिडिओवर तो खुशीत म्हणाला, "अपूर्वा, तुझ्यामागची एक कटकट मिटवली बघ. खात्यावर तुझा नंबर टाकलाय. आता ओटीपी तुझ्याच फोनवर येईल. छगनला दारात ताटकळत ठेवायला नको, मला मीटिंगमधून उठायला नको."

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. अरे, ते ताटकळणंच मला हवंय, म्हणावं. पण अप्पा शेजारी बसले होते. मनवा फोन ओढत होती. आणि तो इतका खूश दिसत होता, एखाद्याने घरातला गळका नळ दुरुस्त करून दाखवावा तसा.

"बरं केलंस," ती म्हणाली.

तरी तिने मंगळवारी एक डबी मागवली. हळदीकुंकवाची, छोटीशी. आज तीच दारात आली होती. छगनने कडी वाजवायच्या आधीच अपूर्वाच्या हातातला फोन थरथरला होता आणि चार आकडे पडद्यावर येऊन बसले होते. तिने ते वाचले होते. वाचूनही तिने "विचारते हं" म्हटलं होतं.

पलीकडे फोनची घंटी वाजत राहिली. छगन पिशवीचे बंद आवळत उभा होता. पलंगाखालून मनवा धावत आली आणि नेहमीच्या जागी, आईच्या कमरेशी, कान वर करून उभी राहिली. अपूर्वाने स्पीकर लावला.

"काय गं?" वरदचा आवाज घाईत होता. मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं.

"छगन आलाय. ओटीपी..."

"अगं, तुझ्या फोनवर येतो आता. सांगितलं ना रविवारी."

"नाही आला."

"येईल, जरा थांब. नाहीतर त्याला ओटीपी परत पाठवायला सांग." मग त्याने विचारलं, "दुसरं काही आहे का? मी आत बसलोय, सगळे थांबलेत."

तिला वाटलं, आता सांगावं. सांगावं, की कुकर लावलाय, शिटी होईल एवढ्यात, ऐकून जा. कुकर लावलेला नव्हता. तरी सांगावं. पण पलीकडे लोक थांबले होते, अलीकडे छगन थांबला होता, आणि दारात थांबलेल्या माणसाचा वेळ वाचवणं, हेच तर वरदचं काम होतं.

"नाही, काही नाही. आला बघ, आत्ताच आला."

"बघ, किती सोपं झालं," वरद म्हणाला, मनापासून, आणि फोन ठेवला.

मनवा अजून कान वर करून उभी होती. अपूर्वाने आकडे वाचून दाखवले. सहा, शून्य, तीन, आठ. मनवा नेहमीसारखी मागोमाग म्हणाली नाही. छगनने ते दाबले, खोकं पुढे केलं, आणि मोटारसायकलला किक मारण्याआधी थोडा घुटमळला.

"सायेब बरे हायेत ना, ताई?"

"बरे आहेत की."

"न्हाई, आज लई घाईत वाटले, म्हनून म्हनलं." आणि तो गेला.

फाटकाची कडी लावून अपूर्वा आत वळली. खोकं इतकं हलकं होतं की आत काही आहे की नाही, अशी शंका यावी. मनवाने ते उघडायचा हट्ट केला नाही. एरवी ती चिकटपट्टी दातांनी तोडायला बघायची. आज ती पायरीवरच बसून राहिली. तिथेच बसून तिने आईच्या फोनकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, आकडे तुलाच माहीत होते?"

"हो गं सोन्या."

"रोज तुलाच माहीत असणार?"

"हो."

मनवा पायरीवरून उठून फाटकाशी गेली. फाटकाबाहेर, छगनची गाडी वळून गेली होती तिकडे, बघत बघत तिने विचारलं,

"मग आता बाबा काय सांगणार?"