पांढरा उजेड

सावसानने रुशानच्या बाजारातून कमी वीज खाणारा पांढरा बल्ब आणला. तिचा नवरा मामादशो कुरकुरला, "अगं, जुन्या पिवळ्याला काय झालंय?"

"वीज शेगडीइतकी खातो, नि उजेड काजव्याएवढा." छतातल्या खिडकीवर बर्फ साचल्यापासून घरात दिवसाही अंधार होता.

नवा बल्ब लागला आणि तिला नवऱ्याचे डोळे दिसले, पिकल्या जर्दाळूसारखे पिवळे. त्याच्या भावाचे मरणाआधी असेच झाले होते.

"कधीपासून हो?"

"बर्फ पडायच्या आधीपासून. डॉक्टरांनी भावाला तरी कुठं वाचवलं? जुनाच लाव गं."

तिने जुना पिवळा बल्ब लावला. चहाची वाटी त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "आता बरे दिसता."

त्याने मान डोलावली. दोघांनीही वर बल्बकडे पाहिलं नाही.